किलोवर तोलला गेलेला रेडिओ

4 जुलै 2025 रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून शुभांशु शुक्ला यांनी बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. चार दिवसांनी शिलाँगच्या विद्यार्थ्यांचीही पाळी आली. या दोन्ही संवादांचे माध्यम हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओसेवा, हे होते. देशभरच्या वर्तमानपत्रांत ते नाव झळकले आणि अनेक घरांत मुलांनी प्रथमच विचारले, की हे हॅम म्हणजे नेमके काय.

त्याच पावसाळ्यात छत्तीसगडातील दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात याच सेवेतील एक जुना संच एका कपाटातून बाहेर निघाला आणि थेट कबाड्याच्या काट्यावर चढला. काटा पंधरा किलोंपाशी थांबला. लोखंड अमुक, अॅल्युमिनियम अमुक, तांबे असेलच तर ट्रान्सफॉर्मरमध्ये, असा हिशेब करून कबाड्याने आकडा सांगितला. पोलादाच्या गावात वस्तूची किंमत वजनावरून ठरणे यात वावगे काहीच नव्हते.

भिलाईची ओळखच ती. सोव्हिएत सहकार्याचा करार 1955 साली झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे येऊन स्थिरावली. मराठी माणसाला तर हा प्रदेश परका नव्हताच. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे होता, पुढे 1956 पर्यंत छत्तीसगडची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या या जुळ्या शहरांत पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांपैकीच हे एक. संचाचे मालक कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजमापयंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले. वर्षापूर्वी ते वारले. घरात मागे राहिल्या त्यांच्या पत्नी, साऱ्या गल्लीच्या काकू.

काकूंनी कबाड्याला थांबायला सांगितले आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेला बोलावणे धाडले. तिच्याजवळही हॅमचा परवाना होता, काकांशी तिचे अनेकदा बोलणे होई. काकूंचा प्रश्न सरळ होता: "आमच्या ह्यांनी जिवापाड जपला गं तो. आता तूच सांग, ह्याचं मोल काय?"

संच होता याएसू कंपनीचा एफटी-101ई, 1970च्या दशकात जगभर गाजलेला. पाहताक्षणी प्राध्यापिकेच्या मनात जे उमटले ते तिने काकूंना सांगितले नाही. विद्यार्थिदशेपासून तिला असाच एक संच हवा होता.

येथूनच खरी अडचण सुरू होते. ज्याला वस्तू हवी आहे त्याच्याच हाती तिचे मूल्यमापन सोपवले गेले होते. प्रयोगशाळेत या अडचणीला नाव आहे, उपाय आहेत, त्यावर पुस्तके आहेत. शेजारच्या काकूंच्या ओसरीवर मात्र फक्त आपले मन असते. प्राध्यापिकेने प्रयोगशाळेचाच एक उपाय उसना घेतला. संचाला हात लावण्यापूर्वी तिने काय तपासायचे, कोणत्या क्रमाने आणि प्रत्येक परीक्षेत उत्तीर्ण कशाला म्हणायचे हे एका कागदावर लिहून काढले, खाली तारीख घातली आणि तो कागद काकूंच्या हाती दिला. निकष आधी ठरले की मोजमाप पाहून ते सोयीने वाकवता येत नाहीत.

एक प्रश्न तपासणीच्याही आधीचा होता. काकूंच्या कानावर कुणीतरी घातले होते, की असा संच घरात ठेवणे हाच गुन्हा. भीती अगदीच निराधार नव्हती. 1933च्या भारतीय बिनतारी तारायंत्रण कायद्याने परवान्याविना असे उपकरण नुसते जवळ बाळगण्यासही बंदी केली होती, आणि 2023च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत परवानगीची अट आहे. हॅमचा परवाना त्या माणसाचा असतो, तो वारसाहक्काने मिळत नाही. घर, भांडी, सायकल ही पतीमागून पत्नीची होतात. प्रक्षेपक मात्र तसा होत नाही.

या कठोरपणाला इतिहास आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले आणि संच जमा करण्याचे फर्मान काढले. तरीही 27 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा काँग्रेस रेडिओ बोलू लागला. तो उभा करण्यात नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या हौशी रेडिओच्या जाणकाराचे हात होते. 12 नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालेपर्यंत जागा बदलत बदलत तो चालू राहिला. एका खोलीत मावणारे यंत्र सरकारला किती जड जाऊ शकते हे त्या अडीच महिन्यांनी दाखवले. स्वतंत्र भारताने हौशी सेवेला परवाने दिले, पुढे 1978 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र नियम केले. पण बोलणारे यंत्र कुणाच्या हाती आहे हे राज्याला ठाऊक असलेच पाहिजे, हे तत्त्व कायम राहिले. म्हणून संच तपासणीसाठी प्राध्यापिकेच्या परवान्याच्या पत्त्यावर नेण्यात आला. तो पुढे विकला जायचा तर परवानाधारकालाच, हेही त्याच दिवशी ठरले.

तपासणीची पहिली पायरी वीज जोडण्याच्या आधीची. झाकण काढायचे, प्रकाशात पाहायचे आणि वास घ्यायचा. जळालेल्या रोधकाचा वास वर्षानुवर्षे टिकतो. फुगलेला कंडेन्सर, काळवंडलेली पट्टी, कुणीतरी घाईने केलेले ओबडधोबड डाग हे सारे डोळ्यांना दिसते. या संचात डाग होते, पण व्यवस्थित, चकचकीत, आणि जेथे भाग बदलला होता तेथे पेन्सिलीने तारीख लिहिलेली. मोजमापयंत्रे दुरुस्त करणाऱ्याचा हात ओळखू येत होता.

दुसरी पायरी ट्रान्सफॉर्मरची. हा संच 100 व्होल्टपासून 234 व्होल्टपर्यंत निरनिराळ्या देशांच्या विजेवर चालावा म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या बदलता येतात. जपानसाठी जोडलेला संच भारतातल्या 230 व्होल्टवर लावला तर तो पहिल्या काही क्षणांतच संपतो. जुना संच विकत घेणाऱ्यांपैकी कित्येकांना हे प्लग लावल्यावर कळते. येथे जोडणी योग्य होती.

तिसरी पायरी कंडेन्सरांची. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये विद्युतरोधकाचे काम अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर करतो. संच वर्षभर बंद पडला की हा थर झिजतो, आणि एकदम पूर्ण व्होल्टता दिली तर कंडेन्सरमधून मोठा प्रवाह वाहून तो तापतो, प्रसंगी फुटतो. उपाय साधा पण संयमाचा आहे. डिमरस्टॅटने व्होल्टता काही तासांत हळूहळू चढवत न्यायची, म्हणजे थर पुन्हा घडत जातो. सोबत शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब एकसरीत जोडायचा. आत कोठे लघुमंडल असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि संच वाचतो. गल्लीतला कोणताही विद्युत कारागीर हा सिरीज बल्ब ओळखतो. येथे बल्ब क्षणभर उजळला, मग मंद झाला आणि मंदच राहिला. सायंकाळी संचाच्या तबकडीमागचा दिवा लागला.

यानंतर ग्राहीची परीक्षा. येथे थोडे थांबून संच ऐकतो कसा हे पाहणे विद्यार्थ्यांना उपयोगाचे ठरेल. समजा 7.1 मेगाहर्ट्झवर कुणी बोलत आहे. संचातील 13.02 मेगाहर्ट्झच्या स्फटिकाशी हा संकेत मिसळला की दोहोंची वजाबाकी उरते, 5.92 मेगाहर्ट्झ. समोरची मोठी कळ फिरवली की आतील दोलक 8.7 ते 9.2 मेगाहर्ट्झमध्ये सरकतो. तो 9.1 वर आणला की पुन्हा वजाबाकी होते, 9.1 उणे 5.92, म्हणजे 3.18 मेगाहर्ट्झ. संचातला स्फटिक-गाळणीचा संच नेमक्या याच ठिकाणी बसवलेला आहे आणि तो सुमारे 2.4 किलोहर्ट्झ रुंदीचाच पट्टा पुढे जाऊ देतो, माणसाचे बोलणे समजण्यापुरता. जग कितीही मोठे असो, या संचाने ते दोन वजाबाक्या करून एका अरुंद दारातून आत घ्यायचे असे ठरवले आहे. सुपरहेटरोडाइन या भारदस्त नावामागची कल्पना एवढीच.

मात्र त्या मधल्या दोलकावर सारे अवलंबून. तो उष्णतेने सरकला तर समोरच्याचा आवाज हळूहळू किनरा किंवा घोगरा होत जातो. कंपनीचा दावा असा, की संच तापून स्थिर झाल्यावर कोणत्याही अर्ध्या तासात दोलक 100 हर्ट्झपेक्षा अधिक सरकणार नाही. दावा अर्धशतकापूर्वीचा होता, तपासायला महागडे उपकरण लागत नाही. चीनचे बीपीएम हे प्रमाणवेळेचे केंद्र 10 मेगाहर्ट्झवर अत्यंत अचूक वाहक लहर सोडते, आणि या संचाच्या पट्टा-निवडीत 10 मेगाहर्ट्झची प्रमाणवेळ ऐकण्याची जागा मुद्दाम ठेवलेली आहे. प्राध्यापिकेने ती लहर पकडली, कळ किंचित सरकवून 1000 हर्ट्झची शीळ ऐकू येईल अशी ठेवली आणि मोबाइलवरच्या ध्वनिवर्णपट दाखवणाऱ्या अॅपसमोर संच सोडून दिला. पहिल्या अर्ध्या तासात शीळ 640 हर्ट्झने सरकली. दुसऱ्या अर्ध्या तासात 90. तिसऱ्यात 70. कागदावर ठरलेल्या रेषेच्या आत.

संवेदनशीलतेच्या परीक्षेने मात्र प्राध्यापिकेला अनपेक्षित धडा दिला. संच 0.3 मायक्रोव्होल्टचा संकेतही ऐकतो असे माहितीपत्रक सांगते. अँटेना जोडली की गुरगुर इतकी वाढली, की काटा सहाच्या खुणेवर जाऊन बसला. दुबळे आवाज त्या गुरगुरीत बुडून गेले. संच बहिरा झाला आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्या रात्री वादळ झाले आणि मोहल्ल्याची वीज गेली. एफटी-101ई मध्ये 12 व्होल्टवर चालण्याची सोयही असते, आणि प्रक्षेपणाच्या व्हॉल्व्हचे हीटर बंद ठेवले तर नुसते ऐकायला जेमतेम अर्धा अॅम्पिअर प्रवाह पुरतो. तिने गाडीची बॅटरी आणून जोडली. वादळ दूर गेले होते, खिडकीबाहेर काळोख होता, आणि काटा दोनच्या खुणेवर उतरला. गुरगुर नाहीशी झाली होती. प्रथम एक, मग दुसरा, मग तिसरा आवाज सात मेगाहर्ट्झवर स्वच्छ वर आला.

काट्याची प्रत्येक खूण संकेतनाने 6 डेसिबलची. सहावरून दोनवर उतरणे म्हणजे 24 डेसिबल, शक्तीच्या हिशेबात सुमारे 250 पट. एवढा गोंगाट मोहल्ल्यातील एलईडी दिव्यांची, चार्जरांची आणि इन्व्हर्टरांची स्विचिंग मंडले मिळून करीत होती. संच जेव्हा बनला तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. म्हणजे यंत्र जसेच्या तसे होते, भोवतालचे जग गोंगाटी झाले होते. वीज परत आली तेव्हा गुरगुरही परत आली. प्राध्यापिकेने कागदावर दोन्ही आकडे लिहिले आणि त्यांपुढे परिस्थितीही लिहिली. परिस्थिती न लिहिता केवळ पहिला आकडा लिहिला असता तर तोही खराच ठरला असता.

प्रक्षेपकाची परीक्षा सर्वांत शेवटी, कारण ती धोक्याची. अंतिम व्हॉल्व्हना सुमारे 600 व्होल्ट लागतात आणि वीज काढल्यानंतरही कंडेन्सर तो साठा काही काळ धरून ठेवतात. एक हात पाठीमागे ठेवूनच आत दुसरा हात घालावा, हा जुन्या कारागिरांचा नियम हृदयातून प्रवाह जाऊ नये म्हणून आहे. येथे आणखी एक जागा नीट पाहावी लागते: चालक व्हॉल्व्हपासून अंतिम व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा छोटा कंडेन्सर. तो गळू लागला की ग्रिडवरची ऋण व्होल्टता ढासळते, व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो आणि ते लालबुंद होऊन मरतात. काकांनी हा कंडेन्सर बदललेला होता, शेजारी पेन्सिलीची तारीख होती. विश्रांतीचा प्रवाह ठरलेल्या 60 मिलिअॅम्पिअरवर स्थिर राहिला.

मग 50 ओहमच्या डमी लोडवर, दहा सेकंदांपेक्षा अधिक नाही अशा झटक्यांनी, शक्ती मोजली. भारावर 52 व्होल्ट आरएमएस मिळाले. 52 चा वर्ग भागिले 50, म्हणजे 54 वॅट. निरोगी संचाने सुमारे शंभर द्यायला हवे होते. दोन अंतिम व्हॉल्व्हांपैकी एक थकला होता. हे व्हॉल्व्ह 6जेएस6 जातीचे, मुळात दूरचित्रवाणी संचात पडद्यावरची किरणरेघ आडवी ओढण्यासाठी घडवलेले. काचेचे टीव्ही गेले, त्यांच्याबरोबर हे व्हॉल्व्हही उत्पादनातून गेले. आज ते जुन्या साठ्यांतून शोधावे लागतात.

सारी मोजमापे झाल्यावर प्राध्यापिकेने काकूंसाठी एक पानी अहवाल लिहिला. पहिली ओळ: प्रक्षेपणशक्ती मूळच्या जवळजवळ निम्मी. दुसरी: अंतिम व्हॉल्व्हचे उत्पादन बंद, बदली मिळणे अवघड. तिसरी: 10, 18 आणि 24 मेगाहर्ट्झचे पट्टे हौशी सेवेला 1979च्या जिनिव्हा परिषदेनंतर मिळाले, या संचात त्यांवर प्रक्षेपणाची सोय नाही. चौथी: शहरात ग्रहणावेळी गुरगुर फार. आणि अगदी तळाशी: ग्राही व दोलक कंपनीच्या दाव्याप्रमाणे.

अहवाल तिने रात्री पुन्हा वाचला. एकही आकडा खोटा नव्हता. तरी हा कागद घेऊन काकू कुणाकडेही गेल्या असत्या तर त्या यंत्राचे मोल कबाड्याच्या आकड्यापेक्षा फार वर गेले नसते, आणि मग ते तिच्याच घरी, तिला परवडेल अशा किमतीत, राहिले असते. निकष तिने आधी लिहून ठेवले होते, मोजमापात लबाडी केली नव्हती. लबाडी क्रमात शिरली होती, आणि तिच्या नकळत.

निम्मी शक्ती म्हणजे नेमके काय, हे तिने लिहिलेच नव्हते. शक्ती निम्मी होणे म्हणजे 3 डेसिबलची घट. समोरच्याच्या काट्यावर अर्धी खूण. शेकडो किलोमीटरवर बसलेल्या माणसाला शंभर वॅट आणि चौपन्न वॅट यांतला फरक कानांनी क्वचितच जाणवेल, आकाशातल्या आयनांच्या थराची एका मिनिटातली लहर याहून मोठी असते. गुरगुर संचाची नव्हती, मोहल्ल्याची होती, आणि ते बॅटरीवर सिद्धही झाले होते. पट्टे कमी होते हे खरे, पण जे होते त्यांवर भारतातील संध्याकाळच्या बहुतेक गप्पा होतात. ज्या बाजूने या संचाचे पारडे जड होते तिचा तर उल्लेखच नव्हता. त्याचा संपूर्ण मंडल-आराखडा कागदावर उपलब्ध आहे, मुख्य मंडळे बाहेर ओढून काढता येतात, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि डाग देण्याच्या साध्या बंबूने बदलता येतो. आजचा नवा संच गोंगाट गाळण्यात, शक्तीत, पट्ट्यांच्या संख्येत याला सहज मागे टाकील. पण त्याचे काम एका काळ्या चिपच्या आत चालते, आणि ती बिघडली की विद्यार्थ्याला शिकण्यासारखे काही उरत नाही. एफटी-101ई समोर ठेवून मात्र दोलक, मिश्रक, गाळणी, विवर्धक एकेक करून बोटाने दाखवता येतात.

तिने अहवाल फाडला आणि दुसरा लिहिला. या वेळी प्रत्येक आकड्यापुढे त्याचा वापरातला अर्थ लिहिला, गुण आणि दोष परीक्षेच्या मूळ क्रमानेच मांडले, आणि शेवटी एक ओळ जोडली: तपासणी करणाऱ्या व्यक्तीला हा संच स्वतः विकत घेण्याची इच्छा आहे, सबब किमतीचा निर्णय तिने करू नये.

काकूंनी चष्मा लावून पान वाचले. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. "हे आधीच नाही का सांगायचं, बाळा?" एवढेच त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण तो प्रश्न प्राध्यापिकेला बराच काळ पुरला. आधी सांगितले असते तर कदाचित पहिला अहवाल लिहिलाच गेला नसता.

काका रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर नागपूरच्या एका वयोवृद्ध हॅमशी बोलत असत. काकूंनी तो अहवाल त्यांना पाठवला. विकत घेऊ इच्छिणारा कोण हे कळू नये म्हणून शेवटची ओळ झाकून पाठवला. त्यांनी सांगितलेली किंमत प्राध्यापिकेने मनात धरलेल्या आकड्याहून बरीच अधिक निघाली. तिने ती दोन हप्त्यांत दिली.

संच आता तिच्या टेबलावर आहे. पहिल्या दिवशी काकूंना तिने ऐकायला बोलावले. काकांचे संकेतनाम तिने उच्चारले नाही. ते त्या माणसाचे होते आणि त्याच्यासोबत थांबले. तिने स्वतःच्या नावाने हाक दिली, आणि पलीकडून उत्तर आले तेव्हा प्रथेप्रमाणे आपल्या संचाची माहिती दिली: एफटी-101ई, चौपन्न वॅट. पलीकडच्याने आवाज उत्तम असल्याचे कळवले. काकू खुर्चीत बसून होत्या. बोलण्याकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. कळ फिरवताना एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना जी घसरती शीळ येते, ती ऐकून त्या म्हणाल्या, "पहाटे मला ह्याच आवाजानं जाग यायची."

एखाद्या जुन्या यंत्राचे मोल काय, हा प्रश्न मोहन नगरातल्या त्या कपाटापुरता नाही. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. 26 तारखेला त्सुनामी आली आणि मोहीम सोडून तीच यंत्रे मदतीचे निरोप पोहोचवू लागली. पुढच्याच वर्षी, 5 मे 2005 रोजी, इस्रोने खास हॅमसाठी हॅमसॅट हा उपग्रह सोडला. अवकाश स्थानकावरून विद्यार्थ्यांशी झालेला संवाद याच परंपरेतला. ही परंपरा टिकते ती यंत्र उघडून पाहणाऱ्या आणि त्यात काय बिघडले आहे ते खरे सांगणाऱ्या माणसांमुळे. अशा माणसांची एक पिढी आता देशभरातल्या घरांतून निघून जात आहे आणि त्यांची कपाटे उघडली जात आहेत. आपल्या ओळखीत असे कपाट उघडले गेले, तर कबाड्याच्या आधी एखाद्या परवानाधारक हॅमला बोलवावे.

ज्या विद्यार्थ्यांना स्वतः परवानाधारक व्हायचे आहे त्यांना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची अट फक्त 12 वर्षांची आहे. प्राथमिक विद्युतशास्त्र आणि नियम एवढ्यावर पहिली श्रेणी मिळते, वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपी शिकावी लागते. त्यानंतर जुना संच हाती आलाच तर प्लग लावण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मरची जोडणी पाहावी, सिरीज बल्ब वापरावा, आणि मोजलेला प्रत्येक आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला ते शेजारी लिहावे. संच आपल्यालाच हवा असेल, तर तेही पहिल्याच ओळीत लिहून टाकावे.